292व्या जागेवरचं सेरीन

पाण्यात जसजसं खाली जावं तसतसा उजेड नुसता कमी होत नाही, त्याचा रंगही बदलत जातो. लाल पहिल्या काही मीटरांतच संपतो, पाठोपाठ नारिंगी आणि पिवळा. नितळ पाण्यात शेवटपर्यंत टिकतो तो निळा, 470 ते 490 नॅनोमीटरच्या आसपासचा. पूर्व आफ्रिकेतल्या मलावी किंवा तांगानिका तलावात शंभर मीटर खाली राहणाऱ्या माशाला जे काही बघायचं ते या अरुंद पट्ट्यातच: भक्ष्य, शत्रू, जोडीदार, सगळं. मग अशा माशाच्या डोळ्यात नेमकं काय बदललेलं असतं? आणि दोन वेगळ्या तलावांतले, एकमेकांचे जवळचे नातलग नसलेले मासे खोलात उतरले, तर दोघांच्या डोळ्यांत बदल एकच होतो की वेगवेगळा?

गेली काही वर्षं मी याच प्रश्नाच्या एका तुकड्यावर काम करते आहे, युरोपातल्या एका प्रयोगशाळेत. तलावावर जाळी टाकायला मी गेलेली नाही, ते काम दुसऱ्या चमूचं. माझ्याकडे येतात त्या अल्कोहोलने भरलेल्या छोट्या ट्यूब. प्रत्येकीत शेपटीच्या पराचा एक तुकडा, नखापेक्षाही लहान, पांढुरका, कडा कुरतडल्यासारखा. त्या तुकड्यापासून निघून त्या माशाला कोणता रंग सर्वांत चांगला दिसतो, या आकड्यापर्यंत कसं पोचतात ते मला सांगायचं आहे. उत्क्रांतीबद्दल मराठीत बरंच वाचायला मिळतं. ती प्रयोगशाळेत हाताने कशी तपासतात, हे मात्र मला शिकताना कुठे सलग वाचायला मिळालं नव्हतं.

आधी थोडं डोळ्याबद्दल. अंधुक उजेडात बघण्याचं काम दृष्टिपटलातल्या दंडपेशींचं. त्यांच्यात ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन खच्चून भरलेलं असतं. प्रथिनाचा जो भाग पेशी स्वतःच्या जनुकावरून बनवते तो ऑप्सिन, आणि त्याच्या पोटात बसलेला छोटा रेणू म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनल. उजेड शोषतं ते रेटिनल. प्रकाशाचा एक कण आदळला की वाकडं असलेलं रेटिनल सरळ होतं. त्याला लागणारा वेळ इतका कमी असतो की तो फेम्टोसेकंदांत मोजतात, साधारण 200. रेटिनल सरळ झालं की भोवतीचं प्रथिन हलतं, आणि पुढे मेंदूपर्यंत संदेश जातो.

सगळ्या जातींत रेटिनल जवळपास तेच असतं, तरी प्रत्येकीचं ऱ्होडॉप्सिन वेगळ्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रकाश शोषतं. गाईचं 500 नॅनोमीटरला, माणसाचंही तिथेच थोडं अलीकडे. हा फरक ठरवतात रेटिनलच्या आसपासची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाची साखळी ज्यांनी बनते त्या कड्या. साडेतीनशेच्या घरातल्या अमिनो आम्लांपैकी रंगावर खरोखर परिणाम करणाऱ्या जागा दोन डझनांच्या आसपास आहेत, आणि त्यातल्याही मोजक्याच पुन्हा पुन्हा समोर येतात. त्यातली 292वी जागा हा माझ्या कामाचा गाभा. जागांचे क्रमांक सगळीकडे गाईच्या ऱ्होडॉप्सिनवरून देतात, कारण त्याचाच अभ्यास आधीपासून झाला आणि त्याचीच त्रिमितीय रचना 2000 साली पहिल्यांदा उलगडली. माशाच्या प्रथिनाची लांबी थोडी वेगळी असली तरी ते गाईच्या शेजारी मांडायचं आणि तिच्या क्रमांकाने बोलायचं, असा रिवाज आहे.

पराच्या तुकड्यावरून डोळ्याचं जनुक वाचता येतं, यात तसं नवल नाही. शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीत सगळीच जनुकं असतात, पराच्या पेशीला ऱ्होडॉप्सिन कधी लागत नसलं तरी. पण माशांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे, आणि मला ती फार आवडते. आपल्या ऱ्होडॉप्सिनच्या जनुकात मधेमधे चार इंट्रॉन आहेत, म्हणजे प्रथिन बनवताना कापून टाकायचे तुकडे. सलग संदेश हवा तर थेट दृष्टिपटलातून आरएनए काढावा लागतो. हाडांच्या माशांत तसं नाही. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजात या जनुकाच्या आरएनएवरून उलटी नक्कल झाली आणि ती डीएनएत दुसरीकडे जाऊन बसली, अर्थातच इंट्रॉनशिवाय. डोळ्यातलं काम या नकलेने उचललं. मूळ इंट्रॉनवालं जनुक आजही आहे, पण ते मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीत काम करतं. त्यामुळे पराच्या डीएनएवर एकच पीसीआर, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला बनवण्याची प्रक्रिया, लावला की सुमारे हजार अक्षरांचं अख्खं जनुक एका तुकड्यात हाती येतं.

पीसीआर झाला की नमुना वाचायला पाठवायचा, आणि परत येतो तो आलेख. संगणकाने अक्षरं वाचून दिलेली असतात, पण मी प्रत्येक महत्त्वाची जागा आलेखावर स्वतः बघते. डीएनएच्या चार अक्षरांचे चार रंग ठरलेले: ए हिरवा, सी निळा, जी काळा, टी लाल. दर तीन अक्षरांवरून एक अमिनो आम्ल ठरतं. उथळ पाण्यातल्या माशात 292ला ॲलानिन असतं, म्हणजे जी-सी पासून सुरू होणारी तीन अक्षरं. खोल पाण्यातल्या माशाच्या आलेखावर त्याच ठिकाणी काळ्या शिखराऐवजी लाल शिखर उभं असतं. जीचा टी झाला, ॲलानिनचं सेरीन झालं, बाकीची दोन अक्षरं जशीच्या तशी. हजारातलं एक अक्षर. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आलेख मोठा करून बराच वेळ तिथेच थांबले होते, आणि अजूनही नव्या नमुन्यात आधी तिथेच नजर जाते.

ही जागा मी शोधलेली नाही. 2005 साली तोहरू सुगावारा, नोरिहिरो ओकादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांगानिका आणि मलावी या दोन्ही तलावांतल्या खोल पाण्यातल्या सिक्लिड माशांत हाच बदल दाखवला होता. सिक्लिड म्हणजे ज्या कुळातली तिलापिया आपल्याकडे बाजारात येते ते कूळ. तांगानिकात त्यांच्या सुमारे 240 जाती आहेत आणि मलावीत त्याहून कितीतरी जास्त. तांगानिका फार जुना तलाव, त्याचं वय नव्वद लाख ते सव्वा कोटी वर्षं मानतात. मलावीतल्या सिक्लिडांचा पसारा मात्र गेल्या दहा लाख वर्षांच्या आतला. दोन्हीकडे काही मासे खोल पाण्यात गेले: तांगानिकात बॅथिबेट्स आणि ट्रेमॅटोकारा, मलावीत डिप्लोटॅक्सोडॉन. आमच्याकडच्या कामात जाती वाढवायच्या होत्या, बदल स्वतंत्रपणे झालाय का ते काटेकोर तपासायचं होतं, आणि प्रथिनं बनवून त्यांचा रंग मोजायचा होता.

माझ्या शेजारच्या बाकावर कोल्हापूरचा एक सीनियर बसतो. वयाने आणि कामाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणते. जाती, खोली आणि 292वं अमिनो आम्ल असा तक्ता तयार झाला तेव्हा मी त्याला दाखवला.

"दादा, तलाव वेगळे, गट वेगळे, आणि खोलात गेलं की सगळीकडे सेरीनच."

त्याने तक्ता वरून खालपर्यंत बघितला. "झाड काढलंस काय?"

"जातींचं झाड तयार आहे की."

"ते नव्हे गं, जनुकाचं. आणि नुसतं जनुकबी घेऊ नको, दोन्ही बाजूंचा पट्टा घे त्याच्या. हे अक्षर दोनदा बदललं का एकदाच बदलून फिरत आलं, ते तक्त्यात कसं दिसंल?"

झाड म्हणजे कोण कोणाचं किती जवळचं नातलग ते दाखवणारा वंशवृक्ष. दादाच्या या एका प्रश्नावर पुढचा सगळा हिवाळा गेला, आणि मला वाटतं या विषयातला सगळ्यात रंजक भाग हाच आहे. दोन माशांत एकच बदल दिसतो याचे तीन अर्थ निघू शकतात. एक, दोन्ही वंशांत तो वेगवेगळ्या वेळी, नव्याने झाला. दोन, दोघांच्या समाईक पूर्वजांच्या घोळक्यात तो आधीपासून थोड्या माशांत होता, आणि जे खोलात गेले त्यांच्यात निवडीने वाढला. तीन, एका वंशात झाला आणि संकरातून दुसऱ्यात गेला. सिक्लिडांच्या जवळच्या जाती एकमेकींत मिसळतात, त्यामुळे तिसरी शक्यता मुळीच दुर्लक्षिण्यासारखी नाही. तिन्हींत डोळ्याला होणारा फायदा सारखाच. पण उत्क्रांतीची वाट तिन्हींत वेगळी, आणि मला वाटच शोधायची होती.

ती शोधायची कशी? बदललेल्या अक्षराकडे बघून काहीच कळत नाही, ते तिन्हींत सारखंच असतं. कळतं ते शेजाऱ्यांकडे बघून. जनुकात असे पुष्कळ बदल होतात ज्यांनी अमिनो आम्ल बदलत नाही. ॲलानिनच्या तीन अक्षरांतलं शेवटचं कुठलंही असलं तरी ॲलानिनच राहतं. या मूक बदलांवर डोळ्याच्या गरजेचा दाब जवळपास नसतो, ते नुसते काळाबरोबर साठत जातात. बदल एकदाच झाला असेल आणि तो तुकडा हिंडत आला असेल, तर सेरीनच्या आजूबाजूचे मूक बदलही दोन्हीकडे सारखे दिसतील. दोनदा झाला असेल तर सेरीन सारखं, पण शेजार आपापल्या घरचा.

मी तीन झाडं काढली. पहिलं अख्ख्या जनुकाचं. दुसरं, रंग ठरवणाऱ्या सगळ्या जागा गाळून उरलेल्या जनुकाचं, कारण समान निवडीने आलेल्या समान जागाच दोन लांबच्या माशांना झाडावर खोटं जवळ आणू शकतात. तिसरं, जिथे पूर्ण जीनोम, म्हणजे माशाचा सगळा डीएनए वाचलेला, उपलब्ध होते तिथे जनुकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पट्ट्याचं. तांगानिका आणि मलावी यांच्यापुरतं उत्तर स्वच्छ आलं. तिन्ही झाडांवर तांगानिकातले खोल पाण्यातले मासे तांगानिकातल्या आपल्या भाऊबंदांजवळ बसले आणि मलावीतले मलावीतल्यांजवळ. सेरीन दोन्हीकडे, शेजार पूर्ण वेगळा. म्हणजे जीचा टी दोन तलावांत स्वतंत्रपणे झाला होता.

मलावीच्या आत मात्र गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे डिप्लोटॅक्सोडॉन हा मोकळ्या पाण्यातला गट खोलात गेला, आणि तळाशी राहणाऱ्या माशांतलेही काही खोलात गेले. 2018 साली मलावीतल्या सिक्लिडांच्या पूर्ण जीनोमांचं मोठं काम प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की दृष्टीच्या आणि हिमोग्लोबिनच्या काही जनुकांत या दोन खोल पाण्यातल्या गटांचे डीएनएचे तुकडे विलक्षण सारखे आहेत, जातींच्या झाडावरून अपेक्षा असते त्याहून खूप जास्त. हिमोग्लोबिन इथे उगीच येत नाही. या तलावांत साधारण 200 मीटरच्या आसपास प्राणवायू संपत येतो. खोलात राहायचं तर अंधूक निळ्यात बघायचं आणि विरळ प्राणवायूवर भागवायचं, दोन्ही एकाच वेळी जमायला हवं. म्हणून एका तलावाच्या आतली उदाहरणं मी आमच्या कामात स्वतंत्र म्हणून मोजली नाहीत. तलावातलं सगळं खोल पाणी मिळून एकच मोजलं. आकडा लहान झाला, पण त्यावर माझा विश्वास आहे.

इतकं झालं तरी ते सगळं अक्षरांत होतं. सेरीनमुळे रंग बदलतो हे प्रत्यक्ष मोजायचं तर प्रथिन बनवावं लागतं. तेव्हा मी संगणकावरून उठून ओल्या कामाकडे आले.

जनुक एका वाहक डीएनएत घालायचं आणि त्याच्या शेपटाला गाईच्या ऱ्होडॉप्सिनची शेवटची नऊ अमिनो आम्लं जोडायची. या नऊंना घट्ट पकडणारी एक प्रतिपिंड आहे, तिचं नाव 1डी4. नंतर हजारो प्रथिनांतून आपलं एकच उचलायला तीच कामी येते. हा डीएनए प्लेटमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींत सोडायचा. या पेशींना एचईके-293 म्हणतात, आणि मलावीच्या माशाचं प्रथिन त्या निमूटपणे बनवतात. साधारण दोन दिवसांनी पेशी गोळा करायच्या. तोपर्यंत तयार झालेलं असतं ते नुसतं ऑप्सिन. त्याला रंग नसतो. रंग येतो रेटिनल घातल्यावर, आणि तिथून पुढे उजेड बंद.

वाकडं रेटिनल मिळवणं हे या कामातलं मोठं जिकिरीचं काम. ते महाग, सहज मिळत नाही, उजेडाने आणि हवेने खराब होतं. उणे 80 अंशांच्या फ्रीजरमध्ये, फॉइलमध्ये गुंडाळून, आर्गॉन वायूखाली ठेवतात. सहज विकत मिळणारा त्याचा एक भाऊबंद आहे, पण त्याने बनलेल्या रंगद्रव्याचं शिखर मुळातच निळ्याकडे सरकलेलं असतं. आमचा प्रश्नच निळ्याकडे किती सरकलं हा, म्हणून तो वापरायचा नाही. शिवाय गोड्या पाण्यातले कितीतरी मासे रेटिनलचा वेगळाच प्रकार वापरतात, ज्याने सगळं तांबड्याकडे जातं. मलावी-तांगानिकातल्या सिक्लिडांबाबत आम्ही नेहमीचंच वापरलं, कारण आम्हाला प्रथिनातला फरक तोलायचा होता, रेटिनलमधला नाही.

त्यानंतरचं सगळं काम मंद लाल उजेडात. जुन्या फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये असायचा तसा लाल दिवा, ऱ्होडॉप्सिनला जवळपास न दिसणारा. मोबाइल बाहेर ठेवायचा, यंत्रांवरचे हिरवे आणि निळे बारीक दिवेसुद्धा काळ्या टेपने झाकायचे. पेशींचा गोळा आणि रेटिनल थंडीत काही तास एकत्र फिरवायचं, मग सौम्य साबणासारख्या द्रव्याने पेशींच्या पडद्यातून प्रथिन सोडवायचं, जोरात फिरवून गाळ खाली बसवायचा, वरचं पाणी 1डी4 लावलेल्या मण्यांवर घालायचं. मण्यांना आपलं प्रथिन चिकटतं, बाकी धुऊन जातं. शेवटी ती नऊ अमिनो आम्लं नुसती वरून ओतली की ती मण्यांवरची जागा घेतात आणि प्रथिन सुटून खाली येतं. पहिले काही वेळा मी प्रत्येक पायरी उजेडात, नुसत्या पाण्याने हाताला बसवून घेतली होती. लाल उजेडात ट्यूबवर लिहिलेलं लाल अक्षर दिसतच नाही, त्यामुळे पेनं काळी हवीत, ही असली माहिती कुठल्याही शोधनिबंधात नसते.

मग मोजणी. क्युव्हेट नावाच्या छोट्या पारदर्शक भांड्यात नमुना घालून 250 ते 750 नॅनोमीटरपर्यंत कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश शोषला जातो, ते यंत्र नोंदवतं. 280ला एक शिखर येतं, ते सगळ्याच प्रथिनांचं. खरी वाट बघायची ती 500च्या आसपासच्या फुगवट्याची. तो दिसला की ऑप्सिनमध्ये रेटिनल नीट बसलंय. मग नमुन्यावर काही क्षण लख्ख उजेड पाडायचा आणि पुन्हा मोजायचं. आता तो फुगवटा गेलेला असतो आणि त्याच्या जागी 380ला दुसरा आलेला असतो. अंधारातल्या वक्रातून उजेडातला वक्र वजा केला की इतर सगळ्या घाणीचा हिशोब कटतो आणि रंगद्रव्याचं शिखर स्वच्छ उरतं.

उथळ पाण्यातल्या एका जातीचं ऱ्होडॉप्सिन घेऊन त्यात मी फक्त 292चं ॲलानिन काढून सेरीन घातलं. शिखर सुमारे 10 नॅनोमीटर निळ्याकडे सरकलं. गाईच्या ऱ्होडॉप्सिनमध्ये हाच बदल केल्यावरही साधारण इतकाच फरक पडतो, हे आधीपासून माहीत होतं. कारणही बऱ्यापैकी कळलेलं आहे. 292वी जागा, रेटिनल प्रथिनाला जिथे जोडलेलं असतं, त्या धनभारित सांध्याच्या अगदी जवळ आहे. सेरीनच्या टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी असते, ॲलानिनला नसते. त्या जोडीमुळे उजेड पडण्याआधीची स्थिती जास्त स्थिर होते, तिथून उडी घ्यायला जास्त ऊर्जा लागते, आणि जास्त ऊर्जेचा प्रकाश म्हणजे निळा.

मग उलटा प्रयोग: तांगानिकातल्या खोल पाण्यातल्या जातीचं प्रथिन घेऊन सेरीनचं पुन्हा ॲलानिन केलं. शिखर तांबड्याकडे आलं, पण पहिला फरक जेवढा होता तेवढंच नेमकं नाही. हे बघून मला आनंद झाला. शोझो योकोयामा यांनी कितीतरी जातींच्या ऱ्होडॉप्सिनवर काम करून दाखवलं आहे की एकाच बदलाचा परिणाम भोवतीच्या इतर अमिनो आम्लांवर अवलंबून असतो. पुढे केलेला आणि मागे घेतलेला बदल सारखा वजनाचा असतोच असं नाही. म्हणजे 292ला सेरीन दिसलं म्हणून इतके नॅनोमीटर वजा, असा हिशोब लावता येत नाही. माझ्या मते या क्षेत्रात अक्षरांवरून रंगाचे अंदाज फार सहज छापले जातात. प्रथिन बनवून मोजलेलं आणि न मोजलेलं, असे दोन वेगळे रकाने प्रत्येक तक्त्यात असायला हवेत.

दोन तलावांपलीकडे बघितलं तर ही जागा आणखी कुठेकुठे भेटते. सायबेरियातला बैकाल 1,642 मीटर खोल आहे, आणि त्याची गंमत म्हणजे तळापर्यंत प्राणवायू आहे, त्यामुळे मासेही तळापर्यंत. तिथले कॉटॉइड मासे सिक्लिडांचे दूरदूरचे नातलग. काठावरच्या जातीचं शिखर 516ला, तर अगदी खोलातल्या जातींचं 484पर्यंत उतरतं. हे डेव्हिड हंट, जेम्स बोमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली दाखवलं. त्या उतरणीतही 83, 261 आणि 292 या जागांचा हात आहे. सीलाकँथ या प्राचीन माशाच्या ऱ्होडॉप्सिनमध्येही 292ला सेरीन आहे. खोल बुडी मारणाऱ्या काही देवमाशांतही तेच, आणि ते तर सस्तन प्राणी.

261वी जागा याच गोष्टीची उलटी बाजू दाखवते. बाल्टिक समुद्राचं पाणी मचूळ आणि कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या अंशाने तांबूस. तिथे निळा प्रकाश आधी शोषला जातो. तिथल्या हेरिंग माशात 261ला फेनिलॲलानिन जाऊन टायरोसिन आलं आहे, आणि त्यांचं ऱ्होडॉप्सिन तांबड्याकडे सरकलं आहे. खाऱ्या समुद्रातून गोड्या किंवा मचूळ पाण्यात आलेल्या कितीतरी वेगवेगळ्या वंशांत हाच बदल पुन्हा पुन्हा झाला आहे. हाही एकाच अक्षराचा बदल, टीचा ए.

असं बघितलं की वाटायला लागतं उत्क्रांतीला दुसरा रस्ताच नाही. पण आहे. 2019 साली झुझाना मुसिलोवा आणि सहकाऱ्यांनी 101 माशांचे जीनोम तपासले. बहुतेकांत ऱ्होडॉप्सिनचं जनुक एखाद-दुसरं. पण डिरेटमस नावाच्या खोल समुद्रातल्या चंदेरी माशात ती 38 निघाली, आणि या माशांत त्यातली 14 पर्यंत प्रत्यक्ष वापरात. वेगवेगळ्या रंगांना बसवलेल्या दंडपेशींच्या प्रथिनांचा असा ताफा खोल समुद्रातल्या तीन वंशांत स्वतंत्रपणे वाढलेला आहे, आणि त्यातला एक वंश कंदीलमाशांचा. कंदीलमासे आपल्या अरबी समुद्रातही मुबलक आहेत. दिवसा खोलात, रात्री वर. त्यांच्यावर आपल्याकडून कोणी हे काम करावं, असं मला मनापासून वाटतं. नमुना मुंबई-रत्नागिरीच्या पलीकडच्या पाण्यातला, आणि पीसीआर कुठल्याही बऱ्या कॉलेजात होण्यासारखा.

मग तलावांत 292 पुन्हा पुन्हा का? मला दोन कारणं पटतात. जागा रेटिनलला चिकटून असल्यामुळे एका बदलात मोठा फरक पडतो आणि प्रथिन मोडत नाही. आणि ॲलानिनपासून सेरीनपर्यंत जायला एकच अक्षर पुरतं. ज्या बदलाला दोन अक्षरं लागतात आणि मधली पायरी निरुपयोगी असते, तो कितीही चांगला असला तरी थोड्या काळात हाती लागणं अवघड. मलावीला काळ थोडाच मिळाला आहे.

सध्या बाकावर 83वी जागा आहे. खोल पाण्यातल्या माशांत तिथे ॲस्पार्टिक आम्ल जाऊन ॲस्परॅजिन आलेलं वारंवार दिसतं, पण त्याने शिखर जेमतेम दोन-चार नॅनोमीटर हलतं. रंगासाठी एवढ्यांदा हा बदल निवडला जाईल, हे पटत नाही. सुगावारांच्याच नंतरच्या कामात दिसलं की या बदलाने उजेड पडल्यानंतर प्रथिन आपल्या कार्यशील रूपात लवकर पोचतं, आणि अंधुक उजेडात त्याचा उपयोग असू शकतो. ते रूप पुढे किती वेळ टिकतं, हे मोजायची एक जुनी, सुंदर पद्धत आहे. प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनला 295 नॅनोमीटरचा प्रकाश दिला की ते 330च्या आसपास चमकतं. पोटात रेटिनल असेपर्यंत ती चमक दबलेली असते आणि रेटिनल सुटत जाईल तशी वाढते. चमक अर्ध्यावर यायला किती मिनिटं लागतात ते नोंदवायचं. 83 बदललेलं, 292 बदललेलं, दोन्ही बदललेली आणि मूळ, अशी चार प्रथिनं एकाच दिवशी, एकाच तापमानाला मोजायची आहेत. रेटिनलची पुढची खेप आली की मूळ प्रथिनापासून सुरुवात करणार.